वाटाण्याच्या अक्षता

"१/४८ मध्ये स्पिटफायरचं सगळ्यात चांगलं किट कोणतं?" हा प्रश्न मॉडेलवाल्या चार लोकांसमोर नुसता टाकून बघा. पाच मिनिटांत चौघांची पाच मतं तयार. एकाचं धड आखूड, दुसऱ्याचे पंख जाड, तिसऱ्याचं नाक पेन्सिलीसारखं, चौथ्याच्या पॅनेल लाइन म्हणजे शेतातले चर. मग हळूच विचारा, "यातलं तुम्ही कोणतं जोडलंय?" एकदम शांतता. फार तर एखादा म्हणेल, "तीन आहेत कपाटात. सध्या वेळ नाही."

तर मंडळी, आजचा राग या जमातीवर आहे. मापाला माझी हरकत नाही. आठवडाभर मी ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडातले बग शोधतो, अचूकपणाचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. माझं म्हणणं एवढंच की न जोडलेल्या किटची तुलना ही तुलनाच नव्हे. मुलगी बघायला गेलात आणि पत्रिकेतले गुण मोजून परत आलात, तसलाच प्रकार. आणि याचा फटका बसतो तो या छंदात नुकत्याच आलेल्या माणसाला.

आधी त्या सुप्रसिद्ध मापांकडे बघू. स्पिटफायर मार्क १ च्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर. भागिले ४८, म्हणजे २३४ मिलिमीटर. कॅलिपर लावला, २३३ भरला, की आमचे परीक्षक मान हलवतात. ठीक. आता त्याच पंखावरची पॅनेल लाइन मोजा. समजा ती ०.२ मिमी रुंद आहे. गुणिले ४८, म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ १ सेंटिमीटरची फट! विमानाच्या पत्र्यांत बोटभर फटी असत्या तर ते धावपट्टीवरून उठलं असतं का? १/७२ मध्ये तीच रेघ दीड सेंटिमीटरच्या घरात जाते. म्हणजे मॉडेलच्या अंगावर जे काही "डिटेल" म्हणून कौतुकानं दाखवतात, त्यातलं बरंचसं मापाच्या हिशेबात धडधडीत खोटं असतं. आणि ते असायलाच हवं, कारण ते डोळ्यांसाठी असतं. रंग लावल्यावर ती रेघ दिसली नाही तर उपयोग काय? मग एका मिलिमीटरसाठी किट कचऱ्यात काढायचं आणि सेंटिमीटरभर फटींची वाहवा करायची, हा कुठला न्याय?

किटं सारखी असतात असं मी म्हणत नाहीये. जमीन-अस्मानाचा फरक असतो. हासेगावाचं १/४८ मधलं मार्क ९ धडात आखूड आहे, ही जगजाहीर गोष्ट. पण जोडायला सोपं. आयसीएमच्या मार्क ९ चा आकार चांगला, आत मर्लिन इंजिनसुद्धा दिलेलं, पण सांधे जुळवायला पुट्टी आणि पॉलिश पेपर हाताशी हवेतच, अशी त्याची ख्याती. २०१३ मध्ये एडुआर्डचं मार्क ९ आलं, रिव्हेटांच्या रांगांसकट. बारीक भाग भरपूर, त्यामुळे ते बैठक मागतं. २०१८ च्या शेवटी टामियानं मार्क १ नव्यानं काढलं, तेव्हा भाग एकमेकांत असे बसतात की सिमेंट उगाच लावतोय असं वाटावं. आता यातलं "सगळ्यात चांगलं" कोणतं? हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणासाठी? कशासाठी? दोन रविवारांत संपवायचंय की दोन महिने बसायचंय? आकार जपायचाय की मनःशांती? कोणती डेटाबेस सिस्टिम सगळ्यात चांगली असं इंटरव्ह्यूमध्ये कुणी विचारलं तर आपण हसतो ना? मग इथे का नाही हसत?

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खणखणीत आहे, आणि तो टाळणं बरं नाही. २०१४ मध्ये एडुआर्डनं मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ काढलं, १/४८ म्हणून. लोकांनी मोजलं तर ते मापापेक्षा मोठं निघालं. ओरडा झाला. कंपनीनं नवे साचे करून २०१६ मध्ये ते पुन्हा काढलं. मोजणारे नसते तर हे झालं असतं? नसतं. मान्य, शंभर टक्के मान्य. पण तो बग रिपोर्ट होता. अख्खं विमान मोठं होतं, शेजारी दुसरं १०९ ठेवलं तर कळत होतं, आणि तक्रारीतून दुरुस्ती निघाली. "या किटची तिसरी झडप अर्धा मिलिमीटर पुढे आहे, सबब मी हे जोडणार नाही" हा बग रिपोर्ट नव्हे. ही न जोडण्याची सबब आहे.

मोजायचं तर कसं मोजायचं, हे खुद्द स्पिटफायर बनवणाऱ्यांनीच दाखवून दिलंय. या विमानाच्या पत्र्यांवर सपाट डोक्याचे रिव्हेट होते. हवेला विरोध कमी, पण कामाला वेळ जास्त. गोल डोक्याचे रिव्हेट स्वस्त आणि पटापट होणारे. मग कोणते कुठे चालतील? त्यांनी काय करावं? फोडलेले वाटाणे आणले आणि विमानाच्या रिव्हेटांवर गोंदानं चिकटवले! एका वाटाण्याचा अर्धा दाणा म्हणजे एक गोल डोकं. तसंच उडवलं. वेगाला ताशी सुमारे २० मैलांचा फटका बसला. मग टप्प्याटप्प्यानं एकेका भागावरचे वाटाणे काढत पुन्हापुन्हा उडवलं आणि ठरवलं: धडाच्या मागच्या भागात गोल डोकी चालतात, पंखांवर सपाटच हवीत.

याला म्हणतात रिव्हेट मोजणं. कुठला रिव्हेट महत्त्वाचा आणि कुठला नाही, हे उडवून बघायचं. आमच्याकडचे रिव्हेट मोजणारे सगळ्याच रिव्हेटांना समान हक्क देतात आणि उडवण्याला मात्र वाटाण्याच्या अक्षता लावतात.

दुसरं उदाहरण. १९४१ मध्ये जर्मनांचं फोकेवुल्फ १९० मैदानात आलं आणि स्पिटफायर मार्क ५ ची दैना उडाली. जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक रस्ता चुकून वेल्समधल्या पेम्ब्री तळावर चक्क धडधाकट १९० घेऊन उतरला. ब्रिटिशांनी काय केलं? फूटपट्टी लावून लेख लिहिला? त्यांनी ते स्पिटफायरसोबत उडवलं. वळण, चढण, सूर, वेग, एकेक तपासलं. मार्क ५ फक्त वळणाच्या त्रिज्येत सरस निघालं, बाकी सगळीकडे मार खात होतं. ही झाली तुलना.

आणि उत्तर म्हणून जे आलं ते मार्क ९. ही गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांनी फ्रेम करून लावावी. "व्यवस्थित" आवृत्ती होती मार्क ८. तिचं धड नव्यानं बेतलेलं, शेपटीचं चाक आत जाणारं, पंखांत जादा टाक्या. पण ती तयार व्हायला वेळ लागणार होता. म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं नवं मर्लिन बसवलं आणि जुलै १९४२ मध्ये स्क्वाड्रनला देऊन टाकलं. शुद्ध पॅच! हंगामी म्हणून निघालेलं हे विमान युद्ध संपेपर्यंत उडत राहिलं. ५,००० हून जास्त बनली. सर्वांगसुंदर मार्क ८ ची संख्या १,६०० च्या आसपास. परिपूर्णतेची वाट बघत बसले असते तर इंग्लिश खाडीवर आणखी किती पोरं मेली असती कोण जाणे. आणि अशा विमानाचं मॉडेल आपण का करत नाही? तर म्हणे परिपूर्ण किट अजून आलेलं नाही.

रंगांचीही तीच कथा. करड्या रंगाच्या छटेवरून मैत्री तुटलेली मी पाहिलीय. ऑगस्ट १९४१ मध्ये रॉयल एअर फोर्सनं तपकिरीच्या जागी करडा रंग आणायचं ठरवलं, तेव्हा नवा ओशन ग्रे पुरेसा नव्हता. मग हुकूम काय होता? सात भाग मीडियम सी ग्रे, एक भाग काळा, कालवा आणि लावा. म्हणजे मूळ विमानंच बादलीत रंग ढवळून रंगवलेली. आता सांगा, "अचूक" छटा कोणत्या बादलीतली?

या मापामापीत जे हरवतं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. रॉयल एअर फोर्सची १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन १९४१ मध्ये स्पिटफायर घेऊन उभी राहिली. तिचं नाव "बडोदा". आपल्या गायकवाडांचं बडोदा. १३२ क्रमांकाची होती "सिटी ऑफ बॉम्बे", तीही स्पिटफायरवाली. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननं मार्क ८ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलं. त्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकलेला असे, गडद निळ्यात फिकट निळा. का? जपान्यांच्या लाल सूर्याशी घोटाळा होऊन आपल्याच माणसाची गोळी लागू नये म्हणून. तो फिकट निळा ठिपका डीकॅल म्हणून चिकटवताना हात जरा थांबतो. धडाच्या लांबीबद्दल तासभर बोलणाऱ्या किती जणांना त्या खुणेचं कारण ठाऊक असतं?

आता नवख्याचा विचार करा. पुण्यातला नाहीतर ठाण्यातला कुणी चोविशीचा पोरगा. पहिल्या दोन-तीन पगारांतून थोडे पैसे बाजूला काढलेत. किटं बाहेरून येणारी, वर कस्टम ड्यूटी. तो एअरफिक्सचं साधं १/७२ मधलं स्पिटफायर घ्यायला निघालाय आणि त्याला कुणीतरी ज्येष्ठ सांगतो, "ते नको रे, कचरा आहे. अमुक घे, त्यावर रेझिनचं कॉकपिट घे, पितळी भाग घे, एअरब्रश घे." पोरगा हिशेब करतो आणि गुपचूप पैसे परत खिशात ठेवतो. किंवा त्याहून वाईट, सगळं घेतो आणि खराब होईल या भीतीनं डबा कधीच उघडत नाही. मग काही वर्षांनी तोही ज्येष्ठ होतो आणि मान हलवू लागतो. वंश असा वाढतो!

म्हणून माझा एक साधा नियम, पटला तर घ्या. ज्यानं किट जोडलं नाही त्याचं मत "डब्याबद्दलचं मत" म्हणून ऐकावं, किटबद्दलचं म्हणून नाही. जोडलेल्या माणसाला चारच प्रश्न विचारावेत. पंख धडाला लावताना पुट्टी किती लागली? चाकं सरळ उभी राहिली का? कॅनपी बसली का? आणि संपल्यावर पुन्हा एक करावंसं वाटलं का? हाताच्या अंतरावरून ते स्पिटफायर वाटतं की नाही हे विचारायची गरज नाही. पंखांची ती लंबवर्तुळाकार कड दिसली की आईसुद्धा ओळखते.

बाकी ज्यांना मोजायचंय त्यांनी जरूर मोजावं. फक्त आधी एक जोडून, रंगवून, चाकांवर उभं करून आणा. मग कॅलिपर मी स्वतः देतो.