चोरीला गेलेली गाणी

शकिरा म्हटलं की काय आठवतं? 2010 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं ‘वाका वाका’ आणि गरकन फिरणारी ती कंबर! 2007 साली ती मुंबईत कार्यक्रम करून गेली, तेव्हाही माझ्या कानावर आलं ते तिच्या नाचाचंच कौतुक. मैत्रिणींनो, आज मला सांगायचंय ते तिच्या लेखणीबद्दल.

कोलंबियातल्या बारांकिया शहरात 1977 साली जन्मलेली ही मुलगी. शाळेत गाण्याच्या शिक्षकांनी तिला समूहगायनात घेतलं नाही. का, तर आवाज शेळीसारखा थरथरतो म्हणे! तेराव्या वर्षी रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, पण पहिले दोन अल्बम आपटले. दुसरा कसा घडवला गेला, हे तर तिला स्वतःलाच पसंत नव्हतं. 1995 च्या तिसऱ्या अल्बमला मात्र तिने शब्द आणि सूर आपल्या हातात ठेवले, आणि तो लाखोंनी खपला.

आता पुढचा अल्बम! सगळ्यांचे डोळे लागलेले. आणि नेमकी बोगोटाच्या विमानतळावर तिची बॅग चोरीला गेली. नव्या गाण्यांचे लिहिलेले शब्द त्यातच होते. दागिने गेले तर पुन्हा घडवता येतात, हो. लिहिलेलं गेलं की काय करायचं? ती रडली असेल, चिडली असेल. पण बसली पुन्हा लिहायला. आणि चोरीचंच नाव अल्बमला देऊन टाकलं: ‘दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस?’ म्हणजे, चोर आहेत तरी कुठे? कव्हरवर ती आपले काळवंडलेले तळवे दाखवते. जणू म्हणते, शोधायला निघालात तर आधी आपले हातही बघा.

हा अल्बम सप्टेंबर 1998 मध्ये आला. एमिलिओ एस्तेफान हे मायामीतलं बडं प्रस्थ पाठीशी होतं, कार्यकारी निर्माता म्हणून. तरी निर्मातीच्या जागी शकिराचंही नाव आहे, आणि तेव्हा ती होती अवघी एकवीस वर्षांची! आपल्याकडे सिनेमाचा निर्माता म्हणजे पैसे घालणारा. अल्बमचा निर्माता वेगळा. गिटार कुठे वाजेल, गाणं कितव्यांदा गायलेलं ठेवायचं, काय कापायचं, हे तो ठरवतो. थोडक्यात, स्वयंपाक कसा व्हावा हे ठरवणारा हात. ‘ओहोस आसी’ या गाण्यात तिने स्पॅनिशबरोबर अरबी शब्द आणि अरबी वळणाचं संगीत घातलं, कारण तिच्या वडिलांचं घराणं मूळचं लेबनॉनचं. रॉकच्या गिटारी आणि वडिलांच्या घराण्याचे सूर तिने एकाच पंगतीला बसवले. पुढे यातली बरीच गाणी तिने एका मैफलीत गायली. त्या मैफलीच्या अल्बमला 2001 साली ग्रॅमी मिळालं.

मला वाटतं, बाईचं दिसणं लोकांना पटकन दिसतं, तिचं डोकं दिसायला वेळ लागतो. ‘छान नाचते’ म्हटलं की झालं! शब्द तिचे, चाली बांधण्यात ती, निर्मितीतही ती, हे कव्हरवरच्या बारीक अक्षरांत राहून जातं.

आपल्या गावातही आहेत की अशा जणी. लग्नाची मंगलाष्टकं रचून देतात, डोहाळजेवणाची गाणी बांधतात, महिला मंडळाची नाटुकली लिहितात. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं ते सगळं कार्यक्रम संपला की रद्दीत जातं. गाणं लोकांच्या तोंडी राहतं, बाईचं नाव राहत नाही. ही चोरी करायला विमानतळ लागत नाही, आणि चोर कुणी परकाही नसतो.

तेव्हा एक वही घाला. जे रचाल ते त्यात उतरवून ठेवा, आणि हो, खाली तारीख घालून आपलं पूर्ण नाव लिहा. ठसठशीत अक्षरात!