‘शॅल’ची आज्ञा आणि ‘मे’ची मुभा

इंग्रजीतील ‘शॅल’ आणि ‘मे’ ही एकाच कुळातील साहाय्यक क्रियापदे होत. तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ दोहोंनाही लागत नाही, आणि दोहोंपुढे मुख्य क्रियापद मूळ रूपातच येते. परंतु कायद्याच्या कलमात शिरताच त्यांचे सामर्थ्य इतके भिन्न होते की, एकाच्या जागी दुसरे पडले तर नागरिकाचा हक्क अंमलदाराच्या मर्जीवर जाऊन बसतो.

जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सांगितले की, प्रथमपुरुषी ‘शॅल’ केवळ भविष्य सुचवते, द्वितीय व तृतीय पुरुषी मात्र तेच बोलणाऱ्याचे वचन किंवा धमकी व्यक्त करते. आणि कायदा तर बहुधा तृतीयपुरुषीच बोलतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४३ मध्ये ही दोन्ही पदे शेजारी नांदतात: पहिल्या खंडाखाली राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मत देण्यास ‘मे’, आणि संविधानपूर्व तह-करारांच्या वादाविषयीच्या दुसऱ्या खंडात ‘शॅल’. पहिल्या खंडात ही मोकळीक होती म्हणूनच अयोध्येविषयीची पृच्छा १९९४ मध्ये अनुत्तरित परत पाठविणे न्यायालयास शक्य झाले.

याहून जिव्हाळ्याचा प्रश्न फिर्यादीचा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे ठाणे अंमलदाराच्या इच्छेवर आहे काय, या वादात ललिता कुमारी खटल्यातील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मधील ‘शॅल’वर बोट ठेवून नोंद बंधनकारक ठरविली. ठाण्याच्या पायरीवरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाचा कैवार येथे एका साहाय्यक क्रियापदाने घेतला, हे मला फार मोलाचे वाटते. अर्थात संदर्भ पाहून न्यायालये क्वचित ‘शॅल’ला निर्देशात्मक आणि ‘मे’ला कर्तव्यवाचक मानतात, पण अशा अर्थनिर्णयासाठी वकील लागतो, आणि तो प्रत्येकाला परवडत नाही.

म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने ‘शॅल’ऐवजी निःसंदिग्ध ‘मस्ट’ पत्करले. आपल्या मराठी अधिनियमांत मात्र ‘शॅल’साठी अजूनही ‘अधिकारी निर्णय देईल’ अशी रचना येते, जी सामान्य वाचकास आज्ञा न वाटता निव्वळ भाकीत वाटते. मसुदा करणाऱ्यांनी तेथे ‘अधिकाऱ्याने निर्णय दिलाच पाहिजे’ असे लिहावे, आणि ‘देता येईल’ हे केवळ मुभेसाठी राखून ठेवावे.