दाढ लेकीची, दोष आईचा

स्त्रियांच्या आरोग्यावर आपण गेली कित्येक वर्षं बोलतो, लिहितो. बाळंतपण, गर्भनिरोधकं, रक्तक्षय, गर्भलिंगनिदान. दात मात्र आपल्या शिबिरांच्या विषयपत्रिकेवर मी कधी पाहिले नाहीत. दातांत कसलं आलंय राजकारण, असं आपल्यालाही वाटत असणार. लहान मुलांच्या दातांत तर नाहीच नाही. मला ते दिसलं ते एका दातांच्या दवाखान्यात.

आमच्या गटातली एक मैत्रीण चार घरची धुणीभांडी करते. तिच्या पाच वर्षांच्या लेकीची खालची दाढ किडली होती. गोड खाल्लं, गार पाणी प्यायलं की कळ यायची. दाढ भरायला दोघींबरोबर मी गेले. डॉक्टर सज्जन होते, हात हलका होता. त्यांनी दाढ पाहिली आणि आईकडे वळून म्हणाले, "आई म्हणून तुमचं लक्ष कुठं होतं?" मुलीचा बाप बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही की काही विचारलं नाही. मैत्रीण मान खाली घालून म्हणाली, "चुकलंच माझं."

काय चुकलं तिचं? सकाळी सातला ती घर सोडते. पोर सासूजवळ. सासूचे गुडघे धरलेले, तेव्हा रडलं पोर की दे चहा, दे पाच रुपयांचा बिस्किटपुडा. वस्तीतल्या दुकानात सगळ्यात खाली, मुलांच्या हाताला येईल असं काय टांगलेलं असतं ते एकदा बघा. तिथं शेंगदाणे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की रोजच्या अन्नातल्या ऊर्जेचा वरून घातलेल्या साखरेतून येणारा वाटा दहा टक्क्यांच्या आत हवा, पाच टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. हे सांगायचं कुणाला, कामाला गेलेल्या आईला की पुडे बनवणाऱ्यांना? त्याच संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात 51 कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. इतक्या साऱ्या आया एकाच वेळी निष्काळजी निघाव्यात, हे पटतं तुम्हाला?

या दोषारोपाला शास्त्राचंही पाठबळ होतं बरं का. लहान मुलांच्या या किडीला दंतवैद्यकात बाटलीचं, अंगावर पाजण्याचं नाव होतं, 'नर्सिंग बॉटल कॅरीज'. म्हणजे रोगाच्या नावातच आरोपी ठरलेली. 1994 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका बैठकीत 'लहान वयातली कीड' अशा अर्थाचं नाव सुचवलं गेलं, कारण एकट्या बाटलीनं सगळं होत नाही हे तोवर कळलं होतं. पुस्तकांतलं नाव बदललं. दवाखान्यातला प्रश्न तोच राहिला.

घरी वेगळीच गोष्ट. "दुधाचा दात, पडायचाच आहे, कशाला पैसे घालता?" मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या मुलीनं आणखी पाच-सात वर्षं एका बाजूनं चावायचं? आणि खर्च न केला तर लक्ष नाही, केला तर उधळेपणा. दोन्हीकडून बोल आईलाच. त्या दिवशी आठशे रुपये गेले, शिवाय दोन घरचे खाडे. बापाचा खाडाही बुडालाच होता, पण त्याचं घरात कौतुक झालं.

आता त्या खुर्चीतली गोष्ट. मुलगी घाबरून तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, "धरा तिचे हात." आपण बैठकांमधून शरीरावरच्या हक्काबद्दल बोलतो, मुलींना 'नाही' म्हणायला शिकवतो, आणि तीच मुलगी खुर्चीत 'नाही' म्हणाली की तीन मोठी माणसं तिला दाबून धरतात! मी म्हटलं, डॉक्टर, दोन मिनिटं द्या. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही रीत दंत महाविद्यालयात शिकवतात. त्यांना ती ठाऊक होतीच, बाहेरच्या रांगेनं विसरायला लावली होती. त्यांनी आरसा तिच्या हातात दिला, पाण्याचा फवारा तिच्या नखावर सोडून दाखवला, म्हणाले, "हात वर केलास की मी थांबेन." तिनं दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा ते थांबले. दाढ भरून झाली.

दाढ भरायला दर वेळी एवढी यंत्रं लागतात असंही नाही. नुसत्या हातातल्या अवजारांनी कीड खरवडून सिमेंट भरायची पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात सुरू झाली. तिला वीज लागत नाही. किडीवर लावायचं चांदी आणि फ्लोराइडचं एक औषध 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नस दुखावलेली नसेल तर त्यानं कीड तिथंच थांबते. डाग मात्र काळा पडतो. "मुलीची जात, काळा दात कसा दिसेल?" हे लगेच ऐकू येतं. मागच्या दाढेत डोकावून कोण बघणार आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, तीत दातही तपासायचे, असा नियम. तपासणी होते, चिठ्ठी मिळते, 'दात किडले आहेत, दवाखान्यात दाखवा'. ती चिठ्ठी येते आईच्या हातात. म्हणजे आणखी एक खाडा, आणखी एक रांग. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात दातांची वेळ सकाळची, नेमकी भांड्यांची वेळ.

आमच्या गटानं अर्ज लिहायला घेतला आहे. तपासणीच्याच दिवशी, शाळेतच उपचार व्हावेत. दातांचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडा हवा. आणि केसपेपरवर 'पालक' या रकान्यात आईबरोबर बापाचंही नाव आणि फोन नंबर लिहावा, पुढची तारीख त्यालाही कळवावी. या शेवटच्या मागणीवर बैठकीत सगळ्यात जास्त हसू झालं आणि सगळ्यात जास्त सह्याही झाल्या. तुमच्या गावी दवाखान्याची वेळ काय आहे, दातांची खुर्ची आहे का आणि ती चालू आहे का, ते पाहून आम्हाला जरूर कळवा.