लेकरू आहे, रडणारच? बस झालं आता!

लकडगंजकर मंडळी, आज खड्डे नाही, कचरा नाही, तुंबलेली नालीही नाही. आज लेकरांच्या सुईवर लिहितोय. विषय लहान वाटेल, पण पूर्ण वाचा.

लसीकरणाच्या दिवशी कोणत्याही दवाखान्याबाहेर दहा मिनिटं उभे राहा. आतून एकामागून एक किंकाळ्या. त्या ऐकून बाहेर रांगेतली लेकरं आधीच आईला घट्ट चिकटलेली. आत टेबलावर लेकरू आडवं, एकाने पाय दाबलेले, दुसऱ्याने हात. आईने काही विचारलं की ठरलेलं उत्तर: "लेकरू आहे, रडणारच." आपणही मान हलवतो आणि घरी येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुई टाळता येत नाही आणि टाळूही नये. लसीला विरोध करणाऱ्यांनी ही पोस्ट आपल्या कामाची समजू नये. पण सुईचं दुखणं कमी करता येतं, तेही जवळपास फुकटात. करता येत असून न करणं याला हलगर्जीपणा म्हणतात.

जरा हिशोब करा. सरकारी वेळापत्रकात जन्मल्याबरोबर बीसीजी आणि कावीळ-ब. दीड आणि साडेतीन महिन्यांना एकाच बैठकीत तीन-तीन सुया. नऊ महिन्यांना परत तेच. पहिल्या वर्षातच डझनभर सुया झाल्या. त्यात आपला विदर्भ म्हणजे सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलच्या लेकराला तपासणी, सलाईन, दवाखान्यात भरती हे नेहमीचंच. थॅलेसेमियाच्या लेकराला तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अशा लेकराची नस सापडेना म्हणून चार-चार वेळा टोचतात, तेव्हा "रडणारच" म्हणून कसं चालेल?

"लहान बाळाला काय कळतं?" असं म्हणणारे आजही भेटतात. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतले डॉक्टरही असंच मानत होते. नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया नावापुरती भूल देऊन व्हायच्या. हा समज मोडून काढण्यात मोठा वाटा एका भारतीय डॉक्टरचा आहे. डॉ. कंवलजीत सिंग आनंद, एमबीबीएस इंदूरचे. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी काम केलं आणि १९८७ मध्ये जगापुढे मांडलं की नवजात बाळालाही वेदना होतात आणि नीट भूल दिली तर बाळ शस्त्रक्रिया जास्त चांगली सोसतं. पुढे १९९७ मध्ये कॅनडाच्या अ‍ॅना टॅडिओ यांनी दाखवलं की ज्या मुलांची जन्मल्यावर भूल न देता सुंता झाली होती, ती चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांपेक्षा जास्त कळवळली. म्हणजे बाळ विसरतं हेही खरं नाही.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लस देताना वेदना कशा कमी करायच्या ते लिहूनच दिलं. त्यातल्या गोष्टी वाचा आणि यातली महाग कोणती ते मला सांगा:

१) तीन वर्षांखालचं लेकरू आई-बापाच्या कुशीत किंवा मांडीवर धरा. त्याहून मोठं असेल तर बसवून द्या.
२) अंगावर पिणाऱ्या बाळाला सुईच्या आधी किंवा सुई देताना पाजू द्या.
३) सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येतं का ते बघत बसू नका. लस देताना त्याची गरज नाही, उलट दुखणं वाढतं.
४) एकाच दिवशी दोन-तीन सुया असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्या.
५) घाबरवणारं बोलू नका आणि खोटंही बोलू नका.

आणि जे आपण हमखास करतो, म्हणजे टोचायची जागा चोळणं किंवा आधीच तापाचं औषध पाजून नेणं, त्याची शिफारस त्यांनी केलेली नाही.

आता उत्तर येईल: "गर्दी असते, सिस्टर एकटी असते, एवढे लाड कोण करणार?" सिस्टर आणि आशाताईंवर कामाचा डोंगर आहे, मान्य. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. पण पिस्टन न ओढल्याने वेळ वाचतो, लागत नाही. लेकरू आईच्या मांडीवर असलं तर धरायला दोन माणसं शोधावी लागत नाहीत. यात लाड कुठे आले?

आणि आपण तरी कुठे कमी आहोत? "चूप बस, नाहीतर डॉक्टरले सांगून सुई लावीन!" हे कोणत्या घरात ऐकू येत नाही, सांगा बरं. सुईला आपणच बागुलबुवा करून ठेवलं. मग दवाखान्यात म्हणतो, "काहीच नाही होत रे, मुंगी चावल्यासारखं." लेकराला दुखतं आणि आपले मायबाप खोटं बोलतात हेही त्याला त्याच दिवशी कळतं. अशी घाबरलेली लेकरं मोठी होऊन शुगर तपासायलाही टाळाटाळ करतात.

म्हणून महापालिकेच्या लकडगंज झोनकडे जाहीर मागणी. प्रत्येक लसीकरण केंद्रात वरच्या पाच गोष्टी मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात लावा. आईसाठी एक खुर्ची आणि पाजायला एक पडदा द्या. वाट बघणाऱ्या लेकरांना आतलं दिसणार नाही अशी सोय करा. खाजगी दवाखाने आणि लॅबवाल्यांनाही सांगणं आहे. रक्त घेताना आईला बाहेर काढू नका. दोनदा नस सापडली नाही तर तिसऱ्यांदा अनुभवी माणसाला बोलवा. ज्यांना वारंवार सुई लागते त्यांच्या आई-बापाला जागा बधिर करणाऱ्या मलमाबद्दल सांगा. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, डॉक्टरच्या सल्ल्यानेच. सरकारी लसीकरणात प्रत्येकाला ते देणं जमणार नाही, हे कळतं. पण महिन्याला टोचून घेणाऱ्या लेकराला त्याचं नावही माहीत नसावं?

तुमच्याकडून मोर्चा नको, निवेदन नको. पुढच्या वेळी लेकराला न्याल तेव्हा फक्त एवढं विचारा: "सिस्टर, याला मांडीवर घेऊन बसू का?" काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. चांगलं मिळालं तर तेही लिहा, त्या केंद्राचं कौतुक इथेच करू.