शून्य मिळालं? शाब्बास!

बालदोस्तांनो, गणितात शून्य मिळालं तर घरी काय होतं, ते मी सांगायला नको! पण संगणकाच्या दुनियेत उलटं आहे बरं का. तिथे शून्य मिळवणाऱ्यालाच शाबासकी मिळते. खोटं वाटतं? मग ऐका.

समजा, आई शिरा करते आहे आणि साखर संपली. ती तुम्हाला पिटाळते, "जा, वाण्याकडून अर्धा किलो साखर आण." तुम्ही हात हलवत परत आलात, तर आई आधी विचारणार, "काय रे, दुकान बंद होतं की पैसे हरवलेस?" उत्तर ऐकूनच ती पुढचं ठरवणार. शिरा करायचा की उपमा!

संगणकातही अशी एक 'आई' असते. तिचं नाव स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची यादी लिहिलेली फाइल. गंमत म्हणजे यातली बरीच कामं ती स्वतः करत नाही. फोटो लहान करायचे असले की त्या कामात तरबेज असलेल्या प्रोग्रॅमला हाक मारते. फाइलींचं गाठोडं बांधायचं असलं की दुसऱ्याला. युनिक्स आणि लिनक्स संगणकांवर तर 'क्रॉन' नावाचा एक पहारेकरी असतो. त्याला वेळ सांगून ठेवली, की आपण झोपलेले असताना रात्री दोन वाजतासुद्धा तो स्क्रिप्ट सुरू करतो.

पण बोलावलेल्या प्रोग्रॅमचं काम फत्ते झालं की नाही, हे स्क्रिप्टला कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. त्याला म्हणतात एक्झिट कोड. लिनक्सवर तो ० ते २५५ यांपैकी असतो. ० म्हणजे 'काम झालं.' दुसरा कुठलाही आकडा सहसा 'काहीतरी बिघडलं' असं सांगतो.

तुम्ही म्हणाल, शून्यच का? अहो, काम नीट झालं तर सांगायचं एवढंच, 'झालं!' पण बिघडण्याची कारणं मात्र शंभर. म्हणून बाकीचे सगळे आकडे कारणांसाठी राखून ठेवले. १२७ आला तर समजावं, त्या नावाचा प्रोग्रॅमच सापडला नाही. १२६ म्हणजे सापडला, पण चालवता आला नाही.

आता हा आकडा कुणी पाहिलाच नाही तर? समजा, आजोबांचे जुने फोटो संगणकावर आहेत आणि जागा कमी पडते आहे. दादानं स्क्रिप्ट लिहिली. पहिलं काम, फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरव. दुसरं काम, इथले फोटो पुसून टाक. आणि नेमकी ती दुसरी डिस्क भरलेली निघाली! पहिलं काम फसलं. पण स्क्रिप्ट न विचारता पुढे गेली आणि फोटो पुसून मोकळी झाली. संपलं! आजोबांच्या लग्नातला फोटो ना इथे, ना तिथे.

यावरचा उपाय अगदी छोटा आहे. लिनक्सवर दोन आज्ञांमध्ये अर्धविराम. दिला, तर पहिली फसली तरी दुसरी चालते. त्याऐवजी && ही खूण केली, तर पहिलीला शून्य मिळालं तरच दुसरी चालते. खूण एवढीशी, पण फोटो वाचतात!

मात्र नुसत्या शून्यावरही विसंबू नका हं. चिठ्ठीत 'लोणी पाव' लिहिलेलं असतं. आईला हवं असतं पाव किलो लोणी आणि तुम्ही आणता लोणी आणि पाव! तुमच्या मते काम फत्ते, पण आई कपाळावर हात मारते.

असंच एकदा 'नासा'च्या बाबतीत घडलं. ११ डिसेंबर १९९८ रोजी मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाकडे निघालं. यानाच्या छोट्या इंजिनांनी त्याला किती धक्का दिला, याचा हिशेब पृथ्वीवरचा एक प्रोग्रॅम करायचा आणि ते आकडे पुढच्या प्रोग्रॅमला द्यायचा. पहिला आकडे देई पाउंडाच्या मापात, दुसरा ते समजे न्यूटनच्या मापात! दोन मापांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं, ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा संपर्क तुटला, तो कायमचाच.

म्हणून दुसऱ्यावर काम सोपवताना तीन प्रश्न विचारायचे. मी काय दिलं? काम झालं का? आणि जे परत आलं, ते मला हवं तेच आहे का?

आता तुमच्यासाठी कोडं. याला संगणक लागत नाही, कागद-पेन्सिल पुरे. ही कामं योग्य क्रमानं लावा : जुनी वही रद्दीत टाक. नवी वही आण. जुन्या वहीतलं सगळं नव्या वहीत उतरव. उतरवलेलं ताडून पाहा. प्रत्येक कामापुढे 'शून्य' केव्हा द्यायचं आणि नाही मिळालं तर काय करायचं, तेही लिहा. मग कागद आई-बाबांना दाखवा आणि त्यांना चूक शोधायला सांगा. बघू या, सापडते का!