एसावाचा कैवार

मलाखी संदेष्ट्याचे पुस्तक उघडले की पहिल्याच अध्यायात ख्रिस्ती वाचक अडखळतो. परमेश्वराने याकोबावर प्रेम केले आणि एसावाचा द्वेष केला, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तेच उचलले आणि वर आठवण करून दिली, की थोरला धाकट्याची सेवा करील हे त्यांच्या आईला, रिबकेला, सांगितले गेले तेव्हा ही जुळी मुले जन्मलीही नव्हती. त्यांच्या हातून बरे की वाईट, काहीच घडलेले नव्हते.

मग देव प्रेमस्वरूप कसा?

धर्मसुधारक कॅल्विनने या प्रश्नाला बगल दिली नाही. ‘इन्स्टिट्यूट्स’ या आपल्या ग्रंथाच्या १५५९च्या अखेरच्या आवृत्तीत त्याने ठामपणे मांडले, की काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी देवाने अनादिकाळीच नेमले आहे. हा निर्णय भयंकर असल्याचे त्याने स्वतःच मान्य केले. त्याआधी, १५५१मध्ये, बोल्सेक नावाच्या माणसाने जिनिव्हात उघड आक्षेप घेतला, की असा देव जुलमी ठरतो. त्याला तुरुंग आणि मग हद्दपारी मिळाली. पुढे नेदरलँड्समधल्या १६१८-१९च्या डॉर्टच्या धर्मसभेने निवडीचा हा सिद्धांत पक्का केला आणि विरोधी मताच्या सुमारे दोनशे पाळकांना पदे सोडावी लागली.

या मताच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती नाकारून चालणार नाही. कृपा कमावता येत नाही. देवाने याकोबाला निवडले ते त्याच्या गुणांसाठी नव्हे. उलट तो बापाला फसवणारा मुलगा होता. पण त्यावरून एसाव कायमचा नाकारला गेला, हा निष्कर्ष शास्त्रातल्या एसावाकडे पाठ फिरवल्याशिवाय काढता येत नाही.

उत्पत्तीचे बत्तिसावा आणि तेहतिसावा हे अध्याय पाहावेत. वीस वर्षे परमुलखात काढून याकोब परततो. भाऊ चारशे माणसे घेऊन येतो आहे हे कळताच त्याची गाळण उडते. दोनशे शेळ्या, दोनशे मेंढ्या, तीस दुभत्या सांडण्या, चाळीस गाई असे कळप तो नजराणा म्हणून पुढे पाठवतो आणि सात वेळा जमिनीला डोके टेकत जवळ जातो. एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, दोघेही रडतात. नजराणा नको, माझ्याजवळ पुष्कळ आहे, असे तो म्हणतो. तुझे तोंड पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे, हे उद्गार निवडलेल्या याकोबाचे आहेत आणि ते न निवडलेल्या एसावाला उद्देशून आहेत. पुढे अनुवादाचे पुस्तक सांगते, की सेईर डोंगर देवानेच एसावाच्या वंशाला दिला आहे आणि अदोमी माणसाचा तिरस्कार करू नये, कारण तो भाऊ आहे.

रोमकरांस पत्राच्या त्याच नवव्या अध्यायात पौलाने दाखला दिलेल्या कुंभाराचेही तसेच. मातीने कुंभाराला जाब विचारू नये, एवढेच वाचून पुष्कळजण थांबतात. पण हाच कुंभार यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात भेटतो. तिथे चाकावर बिघडलेले भांडे तो फेकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे घडवतो. आणि राष्ट्र वाईटापासून वळले तर आपणही योजलेले अरिष्ट आवरू, असे देव सांगतो. पौलाचा युक्तिवादही नवव्या अध्यायात संपत नाही. अकराव्यात तो सर्वांवर होणाऱ्या दयेपाशी येऊन पोहोचतो.

तरी दुसऱ्या टोकाला जाऊन देवाला द्वेष माहीतच नाही असे म्हणणे हीदेखील पळवाट आहे. यरुशलेम लुटले जात असताना एसावाचे वंशज अदोमी टपून बसले, पळणाऱ्यांना वाटेवर पकडून त्यांनी शत्रूच्या हवाली केले, असा ओबद्या संदेष्ट्याचा आरोप आहे. मलाखीतला राग या अदोम राष्ट्रावरचा आहे. अशा वेळी ज्याला संताप येत नाही, त्याचे पकडल्या गेलेल्यांवर प्रेम आहे असे कसे म्हणायचे? शिवाय तोच मलाखी लगेच निवडलेल्यांकडे वळतो. आंधळी-लंगडी जनावरे वेदीवर आणणारे याजक, मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि पोरक्यांना नाडणारे, कोणीही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. होशेयाच्या पुस्तकात तर देव इस्राएलाचाच द्वेष केल्याचे सांगतो आणि शेवटी त्यांच्यावर मोकळ्या मनाने प्रेम करण्याचे वचनही देतो. म्हणजे हा द्वेष दुष्कृत्याशी भिडलेला आहे. जन्माआधी कपाळी लिहिलेला नाही.

निवडीचा अर्थही इथूनच लावला पाहिजे. अब्राहामाला निवडले ते पृथ्वीवरच्या सर्व कुळांना त्याच्याद्वारे आशीर्वाद मिळावा म्हणून. निवडले आहे म्हणूनच तुमच्या अपराधांचा जाब विचारीन, असे आमोस इस्राएलाला बजावतो. निवड म्हणजे जबाबदारी.

चर्चलाही हे उशिरा का होईना कळत गेले. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन १८४३मध्ये ज्या स्कॉटिश फ्री चर्चमध्ये गेले, त्या चर्चने १८९२मध्ये जाहीर केले, की माणसाच्या स्वतःच्या पापाचा विचार न करता देवाने कोणाला मृत्यूसाठी नेमले आहे, अशी आपली शिकवण नाही.

दक्षिण आफ्रिकेत हे कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७मध्ये गोऱ्यांच्या आणि इतरांच्या उपासना वेगळ्या करण्यास मोकळीक दिली. पुढे आपण निवडलेली जनता आहोत ही भावना आफ्रिकानर राष्ट्रवादात मुरली आणि वर्णभेदाला धर्माचा आधार मिळाला. त्याला उत्तर दिले ते याच व्यवस्थेत वेगळ्या काढलेल्या मिशन चर्चने. १९८२मध्ये तयार होऊन १९८६मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या बेल्हार विश्वासपत्रात रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्याच, परंपरेची भाषा आहे, आणि त्यातला देव अन्यायाने भरलेल्या जगात विशेष करून गरिबांचा, नाडलेल्यांचा देव आहे.