गुलाबाचें फूल कां बिघडतें?

गुलाबाचें फूल बिघडलेलें दिसलें कीं आपला बागाईतदार प्रथम औषधाच्या दुकानाची वाट धरतो, आणि झाडाजवळ बसून पाहण्याचें काम मागाहून करतो. हा क्रम उलटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मावळांतील हरितगृह असो कीं देशावरील उघड्या वाफ्यांतला गांवठी गुलाब असो, रोग ओळखल्यावांचून मारलेला फवारा म्हणजे मातींत घातलेला पैसा होय.

पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडून कळी अर्धवटच उमलत असेल, तर ती पांढऱ्या कागदावर झटकून पाहावी. मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबीचे बारीक किडे कागदावर चालूं लागले, तर ते फुलकिडे. यांची मादी झाडाच्या कोवळ्या भागांत अंडीं घालते. पिल्लें मिटल्या पाकळ्यांच्या आंत राहून त्या खरवडतात, आणि पुढें बहुतेक मातींत उतरून कोशांत जातात. बाहेरचा फवारा कळीच्या पोटांत पोंचणार कसा? अशा कळ्या खुडून नष्ट करणें हाच पहिला उपाय. उलट जहाल कीटकनाशकें वरचेवर मारल्यास लाल कोळ्यांस खाणारे भक्षक कोळी मरतात, आणि थोड्याच दिवसांत पानें जाळ्यांनीं भरतात. एका दुखण्याचीं दोन होतात, तीं अशीं.

पाकळ्यांवर ठिपके पडून करडी लव येत असेल, तर ती बुरशी. कोंदट हरितगृहांत रात्रीं पाकळ्यांवर दंव साचतें व त्यावर ती रुजते. पडदे उघडून वारा खेळता ठेवण्यास खर्च तो कोणता? भुरीस मात्र पानावर पाणी साचावें लागत नाहीं. दमट, थंड रात्र तिला पुरते.

किडा नाहीं, बुरशी नाहीं, तरी फूल लहान व फिकें, अशा वेळीं नजर पानांवर न्यावी. नवीं पानें पिवळीं व त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर झाडास लोह मिळत नाहीं. चुनखडीच्या काळ्या जमिनींत लोह असतें, पण सामू साडेसातांवर गेला कीं तें मुळांस घेतां येत नाहीं. अशा झाडास युरिया घालणारे शहाणे बागाईतदार आम्हीं पाहिले आहेत! नत्र कमी पडलें तर आधीं जुनीं पानें पिवळीं होतात, एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

१४ फेब्रुवारीच्या बाजारासाठीं डिसेंबरांत छाटणी धरणाऱ्यांनीं कळी वाटाण्याएवढी होतांच पांढरा कागद हातीं घ्यावा. तोडणीच्या आठवड्यांत तो घेऊन उपयोग नाहीं.